रकाना क्रमांक सात

तालमीच्या अनुदानाचा अर्ज नांदेडहून आला.
सहा रकाने मी उभ्या उभ्याच भरले :
गाव कंधार. हौदा वीस बाय वीस.
पोरं एकोणतीस, पोरी चार,
मल्लखांब एक, कललेला.
छत पत्र्याचं. गळतं.
सातव्यात विचारलं होतं, कलेचा उगम. थोडक्यात.

पेन तिथंच अडलं.

रुक्माजी वस्ताद म्हणाले, लिही की, जांबुवंत.
गुहेत देवाशी अठ्ठावीस दिवस झोंबला,
बाहेर आले ते डाव घेऊनच.
अस्वलाची कव आजबी घालतो का नाही आपण?
मग अस्वलाला कुणी शिकवलं? कोपऱ्यातून एक पोर.
त्याला शंभर बैठका पडल्या.
प्रश्न काही बसला नाही.

नालबंद गल्लीत हुसेनसाब पट्टेवाले.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
पण खोबळ्यात हात गेला की मनगटाला दिसतं.
त्यांच्या मते पट्टा अरबस्तानातून आला,
वडिलांच्या मते बिदरातून,
आणि आजीच्या मते
एका उपाशी शिपायानं तो दोन पायल्या ज्वारीवर गहाण टाकला,
सोडवायला फिरकलाच नाही.
तिन्नो लिख, म्हणाले, कागद सरकारी है.

सोनकांबळे सरांनी चहा पाजला.
एक भिक्खू होता म्हणे, दक्षिणेतून चीनला गेला.
ध्यानाला बसून बसून शिष्यांच्या मांड्या आखडल्या,
म्हणून त्यानं हातपाय हलवायला लावले.
एवढी मोठी विद्या,
आणि तिच्या मुळाशी पायाला आलेल्या मुंग्या!
तेरच्या बाजूनंच गेला असंल तो, सर म्हणाले,
आणि खिडकीतून रस्त्याकडे असे बघत राहिले
की जणू कालच गेलाय.

मन्याडकाठी गयाबाई माळ्यावर चढून राखण करत होती.
उगम म्हंजी काय रं?
मी सांगितलं.
गोफण डोक्यावर गरगरली, एक फेरा, दोन फेरे.
भिऊन, ती म्हणाली.
दगड सुटला. थवा उठला.
पुढं काही बोलली नाही,
मीही विचारलं नाही.

परतताना क्षेत्रपालापाशी थांबलो.
म्हणजे त्याच्या तुकड्यांपाशी.
वरचा देव कधीच फुटून गेला.
हातात काय होतं, खड्ग, फास,
की नुसतीच उघडी मूठ,
ज्याचा त्याचा तर्क.
राहिलंय ते दगडाचं पाऊल,
नवव्या वर्षी मी त्यात निजू शकलो असतो.
पहिल्या दिवशी वस्ताद प्रत्येकाला इथं आणतात.
लाल माती नाही, लंगोट नाही, मारुतीचा नारळही नंतर.
ह्याच्या शेजारी आपलं पाऊल ठेव, म्हणतात,
टाच टेकव. अंगठा रोव.
रोवलास?
आता वरचा तू हो.

हे दोन बोटांच्या रकान्यात कसं बसवायचं?
मी लिहिलं, फार जुना.
मग खोडलं. माहीत नाही, लिहिलं.
तेही खोडलं, आणि तसाच अर्ज धाडला.

दीड महिन्यानं परत आला.
लाल शाईत गोल, रकाना सात अपूर्ण.
बाहेर अवकाळी कोसळत होता,
पत्र्यातून पाच ठिकाणी धार,
हौद्यात पाच डबकी,
आणि पोरं त्यांच्यामधून खेळत होती.
हुसेनसाबची नात रेश्मा
डावा पाय उचलता उचलता हवेतच वळवून
मागं टेकवत होती,
खांदा पडलेला, काठी कमरेला चिकटलेली,
असा पवित्रा मी या तालमीत पाहिला नव्हता.
वस्तादांनीही नसावा,
कारण शिट्टी ओठातच राहिली.
तिच्यामागं दोन पोरंही तसाच पाय टाकायला लागली.

हे तुला कुणी शिकवलं गं?

रेश्मानं काठीनं
छताकडं दाखवलं.